थाळीतले तीन गिलास

आमच्याकडं नवा पाव्हणा आला की आधी हसतो. समोर सरकारनं बांधून दिलेलं स्लॅबचं पक्कं घर, त्यात ज्वारीची पोती आणि मोडका पाळणा, आणि माणसं मात्र बाजूच्या पत्र्याच्या शेडात. मे महिन्यात त्या पत्र्याखाली बसलं की घामानं लुगडं अंगाला चिकटतंय. पाव्हणा म्हणतो, जगदेवीबाई, पोत्यांना पक्कं घर आणि तुम्हाला पत्रा, ही कुठली रीत? मी विचारते, तुम्ही त्र्याण्णव साली कुठं होता? मग तो गप चहा पितो. माणसाला गप बसवायला मला आवडतं, खोटं कशाला सांगू.

त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं जुनं गाव गेलं. दगडमातीच्या भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद, असली सगळी घरं. श्रीशैल माझा तवा नऊ वर्षांचा. त्याचा हात धरून मी बाहेर पळाले. मालक, म्हणजे मलप्पा, माझ्या मागंच होते. मागंच होते, असं मी तीस वर्षं सांगत आले. वळून बघितलं तर मागं घरच नव्हतं, नुसता धुरळा होता. त्या दिवशी मी ठरवलं, आता डोक्यावर पत्रा. पत्रा पडला तर खोक पडंल, जीव जायचा न्हाई.

मग सरकारनं नवं गाव वसवलं, पक्की घरं दिली. साहेब लोक आले, पुण्याच्या डॉक्टरीण बाया आल्या, त्यांनी मला जवळ बसवून लई गोड आवाजात समजावलं की हे घर पडत नसतंय. मी म्हणलं, आधीचं बी पडत नव्हतं. त्या वहीत काहीतरी लिहून निघून गेल्या.

आणि गिलासांची रीत सांगायची राह्यली. भूकंपानंतर बारके धक्के थांबंनात, तवा घरोघरी लोक झोपायच्या आधी उशापाशी थाळी ठेवायचे. थाळीत एक गिलास पालथा, त्याच्या बुडावर दुसरा सुलटा, आणि त्याच्या तोंडावर तिसरा पालथा. जमीन जराशी हालली तरी तिन्ही थाळीत कोसळायचे आणि माणूस जागा व्हायचा. दोन-तीन वर्षांत लोकांनी हे सोडून दिलं. मी सोडलं न्हाई. शेजारची नीलम्मा म्हणायची, आता बस कर की जगदेवी. मी म्हणायची, तू झोप निवांत, तुझ्या वाटचं बी मीच जागते.

श्रीशैल या शेडातच मोठा झाला. सून मुरुडची, चांगल्या पक्क्या घरातली. पहिल्या वर्षी कुरकुरली, मग तिला बी सवय लागली. नात वर्षाराणी, तिनं तर जन्मल्यापासून पत्र्याबिगर दुसरं छतच बघितलं न्हाई. मला लई अभिमान वाटायचा. माझं ऐकलं म्हणून सगळे जितं राह्यले, असं मी चारचौघीत सांगायची.

दहावीला वर्षाराणीला शहाण्णव टक्के पडले. ती म्हणली, मी डॉक्टर होणार, मला लातूरला क्लास लावा. तिच्या आईच्या माहेरकडून चाकूरचं एक स्थळ घिरट्या घालायलं होतं, पोरगी अठराची झाली की उरकून टाकू म्हणून. मी सुनेला म्हणलं, खबरदार. या घरात एकानं तरी पांढरा कोट घालायचा. श्रीशैलनं आपल्या छोट्या टेम्पोत तिची गादी, बॅग, पुस्तकं घातली आणि लातूरला मुलींच्या एका होस्टेलवर सोडून आला. म्हणला, खोली चांगली हाय. मी विचारलं, छत कसलं हाय? तो म्हणला, होस्टेलसारखं हाय. मी बी जास्त खोदलं न्हाई. तिथंच माझी चूक झाली.

दोन महिने सगळं ठीक. श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी मी पूजेला बसले होते, डाव्या तळहातावर इष्टलिंग, कपाळाला इभूत. पूजेतून मी उठत नसते. पण श्रीशैल आंघोळीला गेलेला, सून रानात, आणि फोन वाजतोय तो थांबंना. शेवटी उचलला. पलीकडं होस्टेलच्या बाई, सौदामिनी म्याडम. त्यांनी विचारलं, वर्षाराणीच्या घरून कोण बोलतंय? मी म्हणलं, आज्जी. त्या म्हणल्या, तुमची मुलगी गच्चीवर सापडली.

सापडली. भूकंपाच्या त्या आठवड्यात हाच शब्द मी लई ऐकला होता. अमक्याची माय सापडली, तमक्याचा ल्योक सापडला. तवा जे सापडायचं ते जितं नसायचं. म्याडम पुढं काय बोलल्या ते मला ऐकूच आलं न्हाई. श्रीशैल ओल्या अंगानं पळत आला, त्यानं माझ्या हातातनं फोन घेतला, आणि थोड्या वेळानं मला हलवून सांगितलं की अगं अव्वा, ती बरी हाय, ती नुसती झोपली होती तिथं.

झोपली होती. पण चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत, कठड्यापासून चार पावलांवर. म्याडम पहाटे पाण्याच्या टाकीकडं गेल्या तवा त्यांना दिसली. हल्ली क्लासच्या पोरापोरींच्या काय काय बातम्या येतात, त्यामुळं त्यांची बी पाचावर धारण बसली होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आज संध्याकाळच्या आत घरचं कुणीतरी या. पोरगी खोलीत झोपणार असंल तर ठेवते, न्हाईतर सामान घेऊन चला. आणि घरी आणली तर काय, ते मला पाठ होतं. चाकूर.

आम्ही टेम्पोनं निघालो. अख्ख्या वाटेत श्रीशैल नजर रस्त्यावरनं हालवंना. मला वाटलं, बाप हाय, हादरलाय.

लातूरची ती गल्ली मी बघतच राह्यले. घर म्हणून कुणाचं राह्यलेलंच न्हाई. कुणाच्या गोठ्याची अभ्यासिका झाली, कुणाच्या बैठकीत झेरॉक्सचं मशीन, कुणाच्या परसात मेस. जिकडं बघावं तिकडं पोरांच्या फोटोंचे फलक आणि खाली मार्क. श्रीशैलनं गाडी लावली आणि म्हणला, अव्वा तू जा वर, मी गाडीपाशी थांबतो, हितं पोलीस उचलून नेतात. मी म्हणलं बरं.

सौदामिनी म्याडम माझ्याच वयाच्या. नेसण टापटीप, बोलणं पुस्तकातल्यासारखं. त्यांचे यजमान मार्तंड सर कॉलेजात शिकवायचे. सर असताना हितं बैठं घर आणि पुढं बाग होती. सर गेले, पोरं पुण्याला. म्हणल्या, आजी, मी उभ्या जन्मात चार माणसांपलीकडं स्वयंपाक केला नव्हता, आज साठ मुलींचं बघते, करावंच लागलं. मी मनात म्हणलं, करा बाई, तुम्हाला काय, तुमचं काय पडलं होतं. हे मनात म्हणताना सुद्धा मला जरा लाज वाटली, पण म्हणलंच.

त्यांनी मला आधी गच्चीवर नेलं. टाकीच्या बाजूला चार लोखंडी खांबांवर पत्रा टाकलेला, सोलरचं सामान झाकायला. त्याखाली वर्षाराणीची गादी. आणि गादीच्या उशापाशी थाळी. थाळीत तीन गिलास. एक पालथा, त्याच्यावर सुलटा, त्याच्यावर पालथा.

मी खालीच बसले. म्याडम पाणी आणायला निघाल्या, मी त्यांचा हात धरून ठेवला. त्या विचारायल्या, हे काय आहे आजी, काही करणी वगैरे आहे का, मुली घाबरल्यात. काय सांगू त्यांना? भूकंपानंतर चौदा वर्षांनी जन्मलेली पोर. तिनं ना धुरळा बघितला, ना माळवद. तिला हे कुणी शिकवलं न्हाई. मी तर कधीच शिकवलं न्हाई. मी नुसती रोज तिच्या देखत गिलास रचत होते.

एकच्या सुमाराला वर्षाराणी क्लासवरनं आली. पोरगी अर्धी झाली होती, डोळ्यांखाली काळं. खोली तिसऱ्या मजल्यावर, दोन खाटा, जोडीदारीण मेसला गेलेली. मी दारातच उभी राहून तिला विचारत होते आणि ती आतून सांगत होती. स्लॅबखाली पाठ टेकली की तिला धाप लागते. छत खाली उतरल्यासारखं वाटतं. पहिले आठ दिवस ती बसूनच राह्यली, मग क्लासात झोपायला लागली, परीक्षेत शून्याच्या आसपास मार्क. शेवटी बापाला फोन केला. आणि बापानं काय सांगावं? श्रीशैलनं तिला सांगितलं की गच्चीवर पत्रा असंल तर तिथं झोप, आणि आज्जीला सांगू नको. म्हणला, मला बी तसंच होतंय पोरी, मी लातूरला मुक्काम पडला तर टेम्पोत झोपतो.

मला आधी कळलंच न्हाई ती काय बोलली. मग एकेक उमगत गेलं. पोरीला सोडायला आला तवा तो वर आलाच नव्हता. बॅग वॉचमनच्या हाती वर पाठवली होती, पोरीनंच सांगितलं. मला सांगितलेली ती चांगली खोली त्यानं बघितलेलीच नव्हती. एकोणचाळीस वर्षांचा बाप्या, मिशा पांढऱ्या व्हायल्यात, आणि आत्ता बी पोलिसाचं नाव करून खाली गाडीपाशी उभा होता. मी म्हणत होते, मी यांना जगवलं.

राग आला. आधी श्रीशैलचा, मग माझा, आणि माझा आला तो उतरंना. त्या रागातच मी उंबरा ओलांडला. चप्पल काढली, वर्षाराणीच्या खाटेवर बसले आणि म्हणलं, मी हितं झोपते. तू बघ. मला काय होतंय का बघ, आणि मग तू झोप.

ती म्हणली, गिलास ठेवू का? म्हणलं, ठेव. ती गच्चीवरनं थाळी घेऊन आली, गिलास रचले, आणि समोरच्या खाटेवर मांडी घालून बसली. मी आडवी झाले.

तीस वर्षांनी. स्लॅब किती पांढरी असते हे मला ठावच नव्हतं. पंख्याच्या मुळाशी एक बारीक चीर होती, मी तिच्यावर नजर लावली. गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. पोर बघायली होती, म्हणून मी तोंड सैल सोडलं, झोप आल्यासारखं केलं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. पोर बी हळूच आडवी झाली. मला वाटलं, जमलं गं बाई.

आणि गिलास पडले.

खण्णकन तिन्ही थाळीत पडले. त्याच्या पुढचं मला आठवत न्हाई. मला आठवतंय ते एकदम दुसऱ्या मजल्याचा जिना. अनवाणी पाय, पदर मागं फरफटायला, आणि समोर हातात डबे घेतलेल्या तीन पोरी भिंतीला चिकटून उभ्या. त्यातली एक म्हणली, आजी, काय झालं? शेजारी बोअर मारायलेत, आत्ताच मशीन सुरू केली.

बोअर. लातुरात पाणी न्हाई, तर रोज कुठंतरी बोअर.

मी कठडा धरून उभी राह्यले. माझ्या दुसऱ्या हाताकडं बघितलं. रिकामा होता. त्र्याण्णव साली त्या हातात श्रीशैल तरी होता. आज पोर वरच राह्यली होती, आणि मी वळून बघितलं सुद्धा नव्हतं. एवढी मोठी मी, पोरीला धीर द्यायला आले आणि तिलाच सोडून पळाले. मला वाटलं, आता असंच खाली उतरावं, टेम्पोत बसावं आणि गावाकडं जावं. कुठल्या तोंडानं वर जाऊ?

पण वर तर जायचंच होतं. एकेक पायरी चढले. खोलीत वर्षाराणी फरशीवर बसून गिलास गोळा करत होती. ती पळाली नव्हती. तिनं वर बघितलं. रडायली बी नव्हती, नुसती थक्क झाली होती. हळू आवाजात म्हणली,

"आज्जी, तू मला सोडून पळालीस."

"हाव," मी म्हणलं. "पळाले."

मग तिच्यापाशी फरशीवर बसले आणि तिला एक गोष्ट सांगितली, जी मी कुणालाच सांगितली नव्हती, श्रीशैलला बी न्हाई. तुझा आज्जा माझ्या मागं नव्हता. त्यांनी मला आतून हाक मारली होती. मी ऐकली. मी थांबले न्हाई. थांबले असते तर तुझा बाप बी गेला असता, मी बी गेले असते, हे मला कळतंय. त्या दिवशी पळाले ते बरोबरच केलं. पण पोरी, मी त्यानंतर थांबलेच न्हाई. तीस वर्षं पळतेच हाय, आणि तुम्हा सगळ्यांना पळायला लावलंय. जीव वाचवायला जी सवय लावून घेतली, ती जीव वाचल्यावर सोडायची असते, हे मला कळलंच न्हाई.

मी परत खाटेवर गेले. आडवी झाले आणि म्हणलं, माझा पदर खाटेच्या लोखंडाला बांध. तिला वाटलं चेष्टा करायली. म्हणलं, बांध गं, घट्ट बांध, मला माझा भरवसा न्हाई. तिनं दोन गाठी मारल्या. गाठी मारता मारता तिला हसू फुटलं. तिला हसायला कारण होतं, साठीच्या पुढची म्हातारी खाटेला बांधलेली. मी बी हसले. ती माझ्या कुशीत शिरली, आणि खाली बोअरची मशीन परत सुरू झाली.

खाट थरथरायली होती. माझे पाय आपोआप खाली जायला बघायले. गाठीला ताण बसला की मला आठवायचं आणि मी परत आखडून पडायची. असं किती येळा झालं मोजलं न्हाई. हे करताना मला लई भ्या वाटत होतं, सांगते. धीर बिर काही नव्हता. पण कुशीतल्या पोरीचा श्वास हळूहळू लांबत गेला, आणि मग तिचं तोंड उघडं पडलं, लहानपणी पडायचं तसं. पोरगी झोपली. स्लॅबखाली, भर दुपारी, बोअर चालू असताना झोपली. मला ते खरंच वाटंना. मी दोनदा तिच्या नाकापाशी हात धरून बघितला.

साडेचारला म्याडम दारात आल्या. त्यांनी झोपलेली पोर बघितली, मग माझा बांधलेला पदर बघितला. मी खुणेनं विचारलं, ठेवता का? त्यांनी मान हालवली, आणि आत येऊन पंखा एक नंबरनं कमी केला. जाताना हळूच म्हणल्या की सर गेल्यावर पहिला महिना त्या अंगणातच झोपत होत्या. मग दाराकडं बोट करून म्हणल्या, कुणीतरी परत आत यायला सांगावं लागतं. दुपारी मी मनात जे म्हणलं होतं ते आठवून मला कानकोंडं झालं.

वर्षाराणी जागी झाली तवा श्रीशैलचा फोन आला. खालून विचारत होता, लई येळ झाला, काय ठरलं, सामान आणायला वॉचमनला पाठवू का? मी म्हणलं, वर ये.

तो म्हणला, गाडी सोडता येत न्हाई अव्वा. मी म्हणलं, पोलिसाला नेऊ दे गाडी. तो मग म्हणला, मी हितंच बरा हाय.

"श्रीशैल," मी म्हणलं, "त्या दिवशी मी तुला बाहेर काढलं. आत यायचं सांगायचं राह्यलं. ये."

फोन चालूच होता. बराच वेळ रस्त्याचे आवाज आले, मग जिन्याचे. प्रत्येक मजल्यावर तो थांबत होता, ते आम्हाला ऐकू यायचं. दारापाशी आला तवा शर्ट घामानं भिजलेला आणि तोंडाचा रंग गेलेला. पोरीला बघून हसायचा प्रयत्न केला, जमला न्हाई. उंबऱ्यावरच बसला, एक पाय खोलीत आणि एक बाहेर जिन्याकडं.

मी वर्षाराणीला म्हणलं, बापाला पाणी दे. ती इकडंतिकडं बघायली. खोलीत दुसरं भांडं नव्हतं, थाळीतले ते तीन गिलासच होते. मी म्हणलं, तेच घे. तिनं ते धुतले, तिन्ही सुलटे ठेवले आणि भरले. एक मला दिला, एक स्वतः घेतला, एक बापापुढं धरला. बोअर चालूच होता, गिलासातलं पाणी हालत होतं. श्रीशैल त्या पाण्याकडं बघत बसला, आणि आम्ही दोघी त्याच्या बाहेरच्या पायाकडं.

तो पाय त्यानं आत घेतला तवा सहा वाजून गेले होते.